स्लाव्हिक भाषांमध्ये एमए: व्हिएन्नातली चार सत्रं आणि ‘चुनेर’ नावाचं गाव

कुकडीकाठ (धागाकर्ती)

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलं: रशियन येतं, पुढे स्लाव्हिक भाषा-साहित्यात एमए करावंसं वाटतंय, ते नेमकं काय असतं आणि झेपेल का? तिघींना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथेच धागा काढते. बाकीच्यांनीही भर घाला.

मी मूळची जुन्नरची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकायला लागले, मग जेएनयूत रशियनमध्ये बीए केलं आणि त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठात ‘स्लाविस्टिक’ या विषयात एमए. एमए म्हणजे रशियन साहित्याचाच पुढचा टप्पा, अशा समजुतीनं मी गेले होते. तिथे पोचल्यावर कळलं की रशियन ही त्या घरातली एक खोली. पूर्वेकडे रशियनसोबत युक्रेनियन, बेलारुशियन. पश्चिमेकडे पोलिश, चेक, स्लोवाक आणि जर्मनीत टिकून राहिलेली सोर्बियन. दक्षिणेला स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन. यातल्या एका भाषेवर पकड आणि दुसरीत निदान वाचता-बोलता येणं एवढं तर लागतंच. शिवाय सगळ्यांना जोडणारी प्राचीन चर्च स्लाव्हॉनिक असते. ८६३ साली थेसालोनिकीचे सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ मोराव्हियात धर्मग्रंथ घेऊन गेले, त्या ग्रंथांची ही भाषा. अनेक जणी इथेच घाबरतात. मला विचाराल तर मराठी माणसानं इथे घाबरायचं कारणच नाही.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर ‘तीन’ या शब्दाचं सप्तमीचं रूप आलं: ‘त्रिख’. सर म्हणाले, मुळात इथे ‘स’ होता. र, उ, क, इ यांच्यानंतर आला की स्लाव्हिकमध्ये त्याचा ‘ख’ होतो. मग त्यांनी विचारलं, असं आणखी कुठे होतं? वर्ग गप्प. माझ्या डोक्यात दहावीचं संस्कृत जागं झालं. मालासु, पण त्रिषु! ‘आ’नंतर स तसाच राहतो, ‘इ’नंतर ष होतो. मी हात वर केला आणि ‘त्रिषु’ म्हटलं. सरांनी खडू माझ्या हातात दिला. शाळेत पाठ केलेली विभक्ती चालवून दाखवण्यासाठी व्हिएन्नात फळ्यापाशी जावं लागेल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मराठीकडून मिळणारी शिदोरी याहून मोठी आहे. हिंदीनं नपुंसकलिंग टाकलं, आपण राखलं, आणि बहुतेक स्लाव्हिक भाषांनीही राखलं. दिला, दिली, दिलं. रशियनमध्ये लिहितात तसं म्हटलं तर दाल, दाला, दालो. आपला चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तिथे त्यांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत आणि माझ्या इंग्रज वर्गमैत्रिणीला शब्दाच्या सुरुवातीला पहिला च काढायला बराच सराव करावा लागला. सगळ्यांना छळणारा क्रियापदांचा पक्ष, म्हणजे काम चालू होतं की तडीस गेलं, तोही आपल्याला ओळखीचा वाटतो. ‘पुस्तक वाचत होते’ आणि ‘पुस्तक वाचून काढलं’ यात आपण फरक करतोच की. रशियन तेच काम क्रियापदाआधी उपसर्ग लावून करते: चितात, प्रचितात.

आता माझ्या प्रबंधाविषयी, कारण खरं तर त्यासाठीच हा धागा.

रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात, १४७०च्या आसपास, एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि तिथून जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याची टिपणं पुढे रशियन बखरींत उतरवली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करम्झिनला त्यांची एक प्रत मठाच्या ग्रंथालयात सापडली. बीएला आम्हाला याचा एक परिच्छेद होता, तेवढाच. व्हिएन्नात मी पहिल्यांदा सबंध मजकूर मूळ भाषेत वाचायला घेतला, आणि तिसऱ्या बैठकीत ‘चुनेर’ आलं, म्हणजे आमचं जुन्नर. खडकावर वसलेलं गाव, माणसानं न बांधलेलं, देवानंच घडवलेलं, वर जायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढू शकतो. माझ्या घराच्या गच्चीवरून शिवनेरी दिसतो. ग्रंथालयात मी ते पान कितीतरी वेळ उघडं धरून बसले होते.

पुढचं वाक्य तर व्याकरणाच्या तासालाच शोभावं. आम्ही चुनेरमध्ये दोन महिने राहिलो, असं तो लिहितो: ‘झिली येस्म्या’. शब्दशः, राहिलो आहोत. ल-कारान्त रूप आणि पुढे ‘असणे’. आजच्या रशियननं ते ‘येस्म्या’ गाळून टाकलं, नुसतं ‘झिली’ उरलं. मराठीत ‘राहिलो आहोत’ अजून रोज म्हणतो. आणि या दोन महिन्यांना तो ‘झिमा’ म्हणतो. झिमा म्हणजे हिवाळा, संस्कृत ‘हिम’चा सख्खा भाऊ. पण वर्णन काय, तर चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. माणूस जेव्हा प्रवास थांबवून एका जागी अडकून पडतो तो ऋतू त्याच्या गावी हिवाळा होता, म्हणून आपल्या पावसाळ्याला त्यानं तोच शब्द लावला. घोड्यांना हरभरा चारतात आणि ‘किचिरिस’ शिजवून साखर-तुपासकट देतात, असंही तो नोंदवतो. किचिरिस म्हणजे आपली खिचडी.

जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर घोडाही जाईल आणि दंडही बसेल, असं सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी गृहस्थानं रदबदली केली म्हणून तो सुटला. हे सांगताना आणि इतरही अवघड जागी त्याची भाषा मधूनच तुर्की-फारसी मिश्रणात शिरते. ती का शिरते, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता.

या प्रश्नाला व्हिएन्नातच एक धागा सापडला. ध्वनिमविचाराचा (भाषेत अर्थ बदलणाऱ्या ध्वनींच्या अभ्यासाचा) पाया घालणारे निकोलाय त्रुबेत्स्कोय १९२२पासून १९३८मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे स्लाव्हिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२६ साली निकितिनच्या प्रवासवर्णनावर लेख लिहिला आणि ते निव्वळ व्यापाऱ्याचं टिपण नसून रचना असलेलं साहित्य आहे, असं दाखवलं. शांतपणे पाहिलेलं जग, मग आपला धर्म, आपले सणवार हातचे सुटत चालल्याची कळ, परत शांत वर्णन. हा लेख वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की एमएला ‘जवळून वाचणं’ म्हणतात ते काय.

सगळं लिहीत बसले तर संपणार नाही. विचारा, सांगते.

पारिजात

ताई, किती सुंदर लिहिलंय! मी त्या तिघींपैकी एक. 🙂 मी पुण्यात रशियनच्या डिप्लोमाला आहे. थोडं रोखठोक विचारते. शिकवण्याची भाषा कोणती? फी किती? आणि एका एजंटानं मला सांगितलं की युरोपात एमए इंग्रजीतच असतं, जर्मनची गरज नाही. खरं आहे का?

कुकडीकाठ

पारिजात, त्या एजंटाचं ऐकू नकोस. इंग्रजीत चालणारे अभ्यासक्रम आहेत, पण स्लाव्हिक विषयात जर्मनी-ऑस्ट्रियातले जवळपास सगळे जर्मनमधून चालतात. मला सी-वन (प्रगत) पातळीचं प्रमाणपत्र लागलं. जर्मन मी पुण्यात मॅक्समुल्लर भवनात सुरू केलं होतं, जेएनयूत असताना पुढे नेलं. रशियनपेक्षा मला त्याचंच ओझं जास्त झालं, कारण सेमिनारमध्ये रशियन कवितेवर जर्मनमधून बोलायचं असतं. एक वर्ष नुसतं जर्मनला दे, ते वाया जात नाही.

एमए १२० क्रेडिटचं, चार सत्रांचं. माझ्यासारख्या अनेकांना पाचवं लागतं. मी होते तेव्हा युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला साधारण ७२७ युरो शुल्क होतं. खोलीभाडं आणि विमा यांचाच खर्च खरा. माझ्या बीएच्या विषयांची तपासणी होऊन मला काही जादा परीक्षा लावल्या होत्या, तो वेळ हिशेबात धर.

आणि डिप्लोमावर थेट एमए मिळणार नाही. आधी पदवी. दिल्लीत जेएनयू आहेच. दिल्ली विद्यापीठात तर विभागाचं नावच स्लाव्हॉनिक आणि फिन्नो-उग्रियन अभ्यास असं आहे, तिथे रशियनखेरीज पोलिश, चेक, बल्गेरियनही शिकता येतात. हैदराबादला इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) आहे.

मास्तर

धागा आवडला. चाळीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवलं म्हणून एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नये. दिला-दाल हे साम्य कानाला गोड लागतं, पण दोन्हींतला ‘ल’ एका मुळातून आलेला आहे असं धरून चालू नये. आपला ल प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययाकडून येतो. संस्कृत ‘दत्त’, ‘गत’ यांत ल कुठे आहे? स्लाव्हिक भाषांतला ल त्यांचा स्वतंत्र वारसा आहे. ‘हिम-झिमा’ आणि ‘त्रिषु-त्रिख’ मात्र अस्सल. त्यात दीर घाला, रशियन ‘देव्येर’, संस्कृत ‘देवर’. आणि विधवा, ‘व्दवा’.

कुकडीकाठ

मास्तर, राग कसला, तुमचं अगदी बरोबर आहे. आमच्या सरांनीही हेच बजावलं होतं: रचना सारखी दिसली तरी नातं सिद्ध होत नाही, नातं नियमित ध्वनिबदलातून सिद्ध होतं. मी ते उदाहरण शिकणाऱ्याच्या सोयीसाठी दिलं, वंशावळीसाठी नाही. हे वाक्य धाग्यात आधीच यायला हवं होतं.

पंचगंगा

मी कोल्हापूरचा. आमच्या शेजारी वळिवडे. १९४३ ते ४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि लेकरं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलेलं, तिथून इराणमार्गे इकडं आले. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. माझे पणजोबा कॅम्पात दूध घालायचे. घरात अजून एक पितळी चंबू आहे, त्याच्या बुडाला कुणीतरी खिळ्यानं अक्षरं कोरलीत. लहानपणापासून बघतोय, वाचता येत नाहीत. मी इतिहासात बीए केलंय. पोलिश शिकून यावर काम करता येईल का? का हे इतिहासवाल्यांचं काम, भाषावाल्यांचं नाही?

कुकडीकाठ

पंचगंगा, तुमचा प्रतिसाद वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हे शंभर टक्के स्लाविस्टिकचं काम आहे. अभ्यासक्रमाच्या नावात ‘संस्कृती’ आहे ती यासाठीच. वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यांच्या संघटना झाल्या, वॉर्सात कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. पण त्या आठवणींमधला बाजार, ओढा, दूधवाला हे कोण होते, ते पोलंडमधल्या संशोधकाला कळणार नाही. ते तुम्हाला कळेल. पोलिश वाचता येणारा आणि वळिवड्याच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस या विषयाला हवा आहे.

क्राकोवचं यागिएलोनियन विद्यापीठ १३६४चं, तिथे आणि वॉर्सात परदेशी विद्यार्थ्यांसाठी पोलिशचे वर्ग असतात. तोवर एक करा: घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवतंय ते आजच ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि चंबूच्या बुडाचा फोटो इथे टाका.

पंचगंगा

टाकला. खाली बघा.

दूरदेशी

फोटो मोठा करून पाहिला. सुरुवातीचं अक्षर आडव्या रेघेनं छेदलेला ‘एल’ वाटतोय, पोलिशमध्ये त्याचा उच्चार ‘व’. पुढची अक्षरं झिजलीत. एखाद्या बाईचं किंवा मुलीचं नाव असावं. कागदावर पेन्सिल घासून ठसा घ्या, जास्त उठून दिसेल.

मी ल्युब्लियानात असते, कामासाठी आले आणि भाषेच्या प्रेमात पडून स्लोव्हेनियन शिकले. कुकडीकाठ यांच्या यादीत एक भर. स्लोव्हेनियनमध्ये द्विवचन जिवंत आहे, रोजच्या बोलण्यात. मी आणि माझा नवरा मिळून ‘आम्ही आहोत’ म्हणायचं तर ‘मिद्वा स्वा’. तिसरं कुणी आलं की ‘मी स्मो’. संस्कृतात ‘आवां स्वः’ आणि ‘वयं स्मः’. आम्ही शाळेत द्विवचनाला कंटाळायचो, आणि इथे बेकरीत दोन पाव मागताना ते वापरावं लागतं. सोर्बियनमध्येही आहे, ती शिकायची तर लाइपझिगला सोर्बियनची स्वतंत्र संस्था आहे.

अबोली

गोव्याहून लिहिते. तुम्ही दुसरी भाषा सर्बियन-क्रोएशियन घेतली का? ती एक भाषा की दोन, की चार? आमच्याकडे कोंकणी-मराठी वादात मोठी झाले, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. लिपीचंसुद्धा तेच, देवनागरी की रोमी.

कुकडीकाठ

अबोली, हो, तीच घेतली. विद्यापीठात वर्गाच्या नावातच बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशी तिन्ही नावं तिरप्या रेघा देऊन लिहिलेली असतात. वाक्यरचना आणि बहुतांश शब्द एकमेकांना सहज कळतात. पण क्रोएशियातल्या झाग्रेबची मैत्रीण पावाला ‘क्रुह’ म्हणते, बेलग्रेडचा मित्र ‘ख्लेब’, आणि कोण कोणता शब्द वापरतो यामागे १९९०च्या दशकातलं युद्ध असतं. मी शिकले ते एवढंच, की समोरच्याला त्याच्या भाषेचं नाव विचारायचं आणि तो सांगेल तेच वापरायचं. भाषाशास्त्रज्ञ अंतर मोजू शकतात, नाव ठेवायचा हक्क बोलणाऱ्यांचा. कोंकणीबद्दलही माझं हेच मत आहे.

या वादाची जन्मभूमी बऱ्याच अंशी व्हिएन्नाच. वुक कराजिचचा सर्बियन शब्दकोश तिथेच १८१८ साली छापला गेला, अर्थ जर्मन आणि लॅटिनमध्ये. बोलता तसं लिहा, हा त्याचा आग्रह. आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्यानंतर तेराच वर्षांनी आला. १८५०मध्ये सर्ब, क्रोएट आणि एक स्लोव्हेन अशा मंडळींनी व्हिएन्नात सामाईक लिखित भाषेच्या करारावर सह्या केल्या. तो स्लोव्हेन म्हणजे मिक्लोशिच, व्हिएन्नाच्या स्लाव्हिक अध्यासनाचा १८४९पासूनचा पहिला प्राध्यापक. आणि आज व्हिएन्नातल्या ओट्टाक्रिंग भागातल्या रस्त्यावर ट्रामची वाट बघत उभं राहिलं की या सगळ्या भाषा एकदम कानावर पडतात. माझा बोलण्याचा सराव तिथेच झाला, वर्गात कमी.

वडीलधारा

मुलीला हे करायचं आहे म्हणून वाचतो आहे. पोटापाण्याचं काय? आणि रशियात जावं की युरोपात? आमच्या पिढीनं मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं वाचली, अण्णाभाऊंचं रशियाचं प्रवासवर्णन वाचलं. आमच्या मनात रशियाच आहे.

कुकडीकाठ

काका, खरं ते सांगते. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत. भाषांतर आणि दुभाषीपण यांवर माझं घर चालतं, त्यात इस्पितळात आणि सरकारी कार्यालयांत स्थलांतरितांसाठी केलेलं काम मोठं. पुण्या-मुंबईत औषध आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना रशियन येणारी माणसं लागतात. ऑस्ट्रियात पदवीनंतर नोकरी शोधायला बारा महिने राहता येतं. नुसत्या एमएवर विसंबू नये, दोन भाषा खणखणीत हव्यात.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ घेऊन उत्तर देते. फेब्रुवारी २०२२नंतर आमच्या वर्गात युक्रेनमधल्या खार्कीवहून एक मुलगी आली. ती रशियन उत्तम बोलायची, पण पहिल्या महिन्यात एक शब्द बोलली नाही. एकदा तिनं मला विचारलं, तुमच्याकडे स्लाव्हिक म्हटलं की सगळे रशियनच का समजतात? माझ्याकडे उत्तर म्हणून माझं बालपणच होतं, तुम्ही म्हणता तीच चित्रांची गुळगुळीत पुस्तकं. ती पुस्तकं मला अजून प्रिय आहेत. पण त्यांतल्या काही गोष्टी मुळात युक्रेनियन लोककथा होत्या, हे तिनं सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी मी युक्रेनियन वाचायला शिकले. मुलीला रशियन शिकू दे, रशियन साहित्याला तोड नाही. सोबत शेजारची एक भाषा शिकू दे. सध्या तरी मी मध्य युरोपच सुचवेन, तिथे सगळ्या बाजूंची माणसं एका बाकावर बसतात.

मास्तर

निकितिनचा जुन्नरचा भाग तुम्ही मूळ भाषेवरून मराठीत आणलात का?

कुकडीकाठ

सुरू केलंय. पावसाचा तुकडा कच्चा झाला आहे: ‘त्याच दिवसांत ते नांगरतात आणि पेरतात गहू, तुतुर्गान, नोगुत आणि खाण्याचं सगळं.’ तुतुर्गान हा तुर्की शब्द, म्हणजे तांदूळ. नोगुत फारसीवरून, म्हणजे हरभरा. ‘तांदूळ पेरतात’ असं लिहिलं होतं, मग खोडून ‘भात’ केलं.

घाटघर

नाणेघाटाकडचा शेतकरी आहे. भात बरोबर. पण पावसाळ्यात गहू आणि हरभरा कोण पेरतं? दोन्ही रब्बीची पिकं. पाऊस गेल्यावर ओल असते त्यावर पेरतो आम्ही. त्यानं हे जुन्नरात बघितलं का पुढं गेल्यावर?

कुकडीकाठ

घाटघर दादा, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मी शेतकऱ्याच्या घरातली असून मलाही पडला नाही. जुन्नरात तो दोनच महिने होता, तिथून निघून बिदरकडे गेला, चालायला महिना लागला असं म्हणतो. म्हणजे पेरणी त्यानं वाटेत, पाऊस ओसरताना पाहिली असेल आणि लिहिताना ‘त्याच दिवसांत’ म्हणून एकत्र केली असेल. किंवा नोगुत म्हणजे हरभरा न धरता कुठलंही कडधान्य धरायचं, मग गव्हाचं काय करायचं ते पाहावं लागेल. उद्या निकितिनच्या वेगवेगळ्या प्रतींमधला हा भाग शेजारी शेजारी ठेवून परत वाचते.

ऑगस्टमध्ये जुन्नरला येतेय. तुमच्या बांधावर बसून ती चार पानं वाचून दाखवू का? कुठे काय पेरलेलं असतं ते तुम्ही सांगा, मी समासात लिहून घेईन.

घाटघर

या. लावणी तोवर उरकलेली असेल. चिखल मात्र असणार.